खाली आच, वर निखारे

स्वयंपाकघरातल्या आनंदाविषयी लिहायला बसले की लेखणी बहुधा सणावारांकडे वळते. पुरणपोळी, उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत आणि ती व्हायलाच हवीत. पण वर्षातले बाकीचे सगळे दिवस ज्या आमटी-भाजी-पोळीवर निघतात, ती करण्यातल्या सुखाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मला ते सुख सणाच्या सुखाहून मोठे वाटते. सणाच्या पदार्थाला पाहुणे असतात, वाट पाहणे असते, पहिल्या घासानंतरची वाहवा असते. रोजच्या आमटीच्या वाट्याला यांतले काही येत नाही. तरीही संध्याकाळी कढईत तेल तापवून मोहरीचा डबा हातात घेतला की दिवसभराचा शीण मागे पडतो आणि मन एका ठिकाणी येऊन थांबते. डोळ्यांसमोर एक वस्तू हळूहळू दुसरी होत असते आणि त्या होण्यात आपला हात असतो, यापलीकडे त्या सुखाला दुसरे कारण लागत नाही.

आमचे घर बडोद्याचे. गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकुनी करायला ज्या अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांतली माणसे इकडे आली, त्यांत माझे पणजोबा होते. दांडिया बाजारातल्या त्या जुन्या घराचे स्वयंपाकघर अंधारे आणि लांबट होते, आणि भिंतीपलीकडे एका गुजराती कुटुंबाची चूल होती. त्यामुळे लहानपणापासून मला दोन फोडण्यांचे वास ओळखता येतात. पलीकडच्या वघारात मेथ्या, लवंग आणि दालचिनी असे, आणि घुसळून एकजीव केलेल्या तुरीच्या डाळीत गूळ, कोकम आणि शेंगदाणे पडत. आमच्याकडच्या आमटीत धणे, तीळ, सुके खोबरे आणि दगडफूल यांच्या गोड्या मसाल्याचा वास असे. दोन्हींत डाळ तीच आणि गूळही तोच, पण वास दारातच सांगत असे की आपण कोणाच्या घरी आलो आहोत. आज आमच्या घरी दोन्ही होतात. पत्नी करते ती आमटी असते, मी करतो ती बहुधा दाळ असते, आणि मुलीला लहानपणी दोन्हींना एकच नाव पुरत असे.

फोडणी ही स्वयंपाकातली सर्वांत थोड्या वेळाची आणि सर्वांत जास्त लक्ष मागणारी गोष्ट आहे. तेल पुरेसे तापले की मोहरीच्या दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दाणा फुटतो. पहिला दाणा फुटल्यापासून शेवटचा फुटेपर्यंतचे काही क्षण हे हिंग-हळदीच्या तयारीचे. हिंगाचा वास आणि हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, तो तेलात उतरतो, म्हणून त्यांना आधी तेलातच जावे लागते. पण तेल गरजेपेक्षा जास्त तापले असेल तर हळद काळवंडते आणि तिचा कडवटपणा मग कितीही गूळ घातला तरी झाकला जात नाही. मोहरी तडतडणे थांबले की आच कमी करायची, हिंग, मग हळद, मग कढीपत्ता, आणि कढीपत्त्याच्या पानांचा चुरचुर आवाज विरण्याआधी डाळ. हे सगळे वाचायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात उरकते. त्या वेळात दुसरा विचार मनात येऊच शकत नाही, आणि दिवसभर अनेक विचार डोक्यात वागवणाऱ्या माणसाला ही केवढी मोठी विश्रांती आहे हे रोज फोडणी घालणाऱ्यांना ठाऊक असते.

पोळीचे तसे नाही. पोळीत हात आपसूक चालतात आणि मन मोकळे राहते. आमच्या शेजारणीच्या घरी पातळ, तुपाने माखलेली रोटली होते आणि आमच्याकडे तेल-पीठ लावून दुमडलेली घडीची पोळी. तव्यावर ती टम्म फुगली की आतले पदर सुटल्याचे कळते. शेजारच्या बा कधी आल्या तर ओट्याशी उभ्या राहून ती फुगणारी पोळी पाहत आणि "एक मने आप, भाई" म्हणून तव्यावरून उतरलेली गरम पोळी हातात घेत. त्यांना ती नुसतीच आवडे, सोबत काही लागत नसे.

या सगळ्यांत माझ्या मते स्वयंपाकघरातले सर्वांत देखणे काम कोणते, असे कोणी विचारले तर मी लोणी कढवण्याचे नाव घेईन. आठवडाभर साय साठवायची, तिला विरजण लावायचे, घुसळून लोणी काढायचे, दोन-तीन पाण्यांत धुवायचे आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचे. आधी ते वितळून पिवळसर, गढूळ होते. मग वर पांढरा फेस येतो आणि मोठा, ओला असा चडचड आवाज सुरू होतो. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकीच्यात मुख्यतः पाणी असते आणि घरच्या लोण्यात ते जरा जास्तच असते. हा आवाज त्या पाण्याचा. पाणी आहे तोवर पातेल्यातले तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही, म्हणून तेवढा वेळ निर्धास्त राहून भाजी चिरता येते. पण आवाज बारीक होत गेला, फेसाचे मोठे बुडबुडे जाऊन दाट, लहान बुडबुडे आले की चिरणे बाजूला ठेवून पातेल्याजवळ उभे राहावे लागते. पाणी संपलेले असते, तापमान आता झपाट्याने वर जाते, आणि तळाशी बसलेले दुधाचे कण पांढऱ्याचे पिवळे, पिवळ्याचे बदामी होऊ लागतात. चमच्याने फेस बाजूला सारला की खाली पाहता येते. तूप पारदर्शक झालेले असते आणि पातेल्याचा तळ स्वच्छ दिसतो. बेरी बदामी दिसली की लगेच आच बंद करायची, कारण जाड बुडाचे पातेले आपली उष्णता पुढे काही वेळ देतच राहते. आजी त्या वेळी नागवेलीचे पान घालत असे. ते पान क्षणात कुरकुरीत होई आणि आम्हा मुलांत त्यावरून भांडण होई. तूप गाळल्यावर उरलेल्या बेरीत साखर घालून ती पोळीला लावून मिळे, त्यामुळे लोणी कढवण्याचा दिवस घरातल्या सगळ्यांना आधीपासून माहीत असे.

आणि हे काम एवढ्यावर संपत नाही. लोणी काढल्यावर खाली जे ताक राहते, त्यातले ताजे ताक जेवणात जाते, दुसऱ्या दिवशीच्या ताकाची कढी होते, आणि आणखी आंबट झालेले ताक बडोद्याच्या घरात हांडव्याच्या, म्हणजे डाळ-तांदळाचे पीठ आंबवून भाजलेल्या खमंग गुजराती पदार्थाच्या, पिठात जाते. एका सायीच्या डब्यापासून निघालेली ही साखळी आठवडाभर स्वयंपाकघरात फिरत असते. बाहेरून सगळे पदार्थ सुटे सुटे विकत आणणाऱ्याला तूप मिळेल, ताकही मिळेल, पण एकातून दुसरे निघताना पाहण्याचे सुख मिळणार नाही, आणि घरी स्वयंपाक करावा असे मी लोकांना आग्रहाने सांगतो ते मुख्यतः याच सुखासाठी.

यामागचे शास्त्र मला आत्याने सांगितले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू, आणि त्यांच्याच काळात तिथे गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली. घरातले काम हा विद्यापीठात अभ्यासण्याचा विषय आहे, ही गोष्ट तेव्हा अनेकांच्या गळी उतरत नव्हती. आमच्या घरातही नाही. आत्या तिथे शिकली. तिने घरात दोन गोष्टी आणल्या, एक छोटा तराजू आणि एक वही. आजीचा सगळा स्वयंपाक मुठीने आणि चिमटीने चालत असे, आणि आत्याला त्या मुठीचे वजन हवे होते. तिने आजीला तांदळाच्या डब्यापाशी बसवले, एकेक मूठ तराजूत घालायला लावली आणि आकडे वहीत उतरवले. मुठी जवळजवळ सारख्या भरल्या. आजीला त्याचे काही विशेष वाटले नाही. "मग तराजू कशाला आणलास गं?" असे तिने विचारले. आत्या म्हणाली, "केकसाठी. आमटीत मीठ जास्त पडले तर तू पाणी वाढवशील. केकमध्ये मैदा जास्त पडला आणि तो एकदा आत गेला, की मला काहीच करता येणार नाही."

तिच्या या उत्तरात मला पुढे सगळ्या स्वयंपाकाची विभागणी दिसली. चुलीवरच्या स्वयंपाकात शेवटपर्यंत हस्तक्षेप करता येतो. चव पाहावी, पाणी घालावे, आच वाढवावी, लिंबू पिळावे. भट्टीतले काम म्हणजे पत्र लिहून पेटीत टाकण्यासारखे आहे. जे सांगायचे ते आधी नीट सांगून ठेवायचे आणि मग दार लावून दूर व्हायचे. पहिल्यात हात सारखा कामात असतो, दुसऱ्यात हाताला थांबणे शिकावे लागते. ज्यांना एक येते त्यांना दुसरे येतेच असे नाही. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या कित्येक बायका केकच्या वाटेला जात नाहीत, कारण मधेच झाकण उघडून ढवळता येत नाही ही गोष्टच त्यांना सोसवत नाही. मला मात्र दोन्हींची ओढ आहे, आणि ती का आहे याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा आजीच्या एका पदार्थापाशी येतो.

तो पदार्थ कोबीचे भानोले. कोबी बारीक चिरायचा, त्यात ओले खोबरे, आले, लसूण, मिरची, कोथिंबीर, बेसन आणि तांदळाचे पीठ घालायचे, सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी, असतील तर तेही, आणि तेल लावलेल्या जाड भांड्यात थापून वर झाकण ठेवून त्या झाकणावर रसरशीत निखारे पसरायचे. खाली मंद आच, वर निखारे. कोकणात काकडीचे धोंडसही असेच व्हायचे. भाजण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. ओव्हन नावाचे यंत्र घरात येण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्या-पणज्या दोन्ही बाजूंनी उष्णता देत होत्या, आणि झाकणावरचे निखारे किती असावेत, ते केव्हा काढावेत, याचे ज्ञान त्यांच्या हातात होते. बेकिंग म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर परदेशी केकच येतो, तेव्हा मला या भानोल्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. आजी झाकणाला हात न लावता केवळ वासावरून सांगत असे की आता वरची बाजू धरली.

गुजरातेत आल्यावर आमच्या घराला हांडवा एवढा जवळचा का वाटला असेल, हेही त्यावरून समजते. तोही खाली आच आणि वर निखारे ठेवूनच होत असे. पुढे त्यासाठी ॲल्युमिनियमचा खास कुकर आला. त्याच्या खालच्या तबकडीत वाळू पसरायची, वर मधोमध नळी असलेले भांडे ठेवायचे, आणि त्यावर झाकण. वाळू तापायला वेळ लागतो, पण एकदा तापली की ती उष्णता सारखी आणि संथपणे देते, आणि मधल्या नळीतून गरम हवा वर जाऊन झाकणाखाली फिरते. इतक्या साध्या भांड्यात उष्णतेचा इतका विचार केलेला पाहून मला ते घडवणाऱ्या अनाम कारागिराविषयी फार आदर वाटतो. आमच्याकडचा कुकर आजही वापरात आहे आणि ओव्हन असूनही हांडवा मी त्यातच करतो, कारण तळाचे कवच त्यात जास्त खमंग होते.

हांडव्यासाठी तांदूळ जास्त, हरभऱ्याची डाळ त्याहून कमी, तूर आणखी कमी आणि उडीद थोडेच, असे मिश्रण जाडसर दळून आणावे लागते. बारीक दळले तर हांडवा चिकट होतो, आणि त्याचा सगळा जीव त्याच्या रवाळपणात आहे. पीठ आंबट ताकात भिजवून झाकून ठेवायचे. इथून पुढचे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. ते पिठातली शर्करा खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, वायू सोडतात आणि पीठ हलके होते. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी भिजवलेले पीठ संध्याकाळी तयार असते. डिसेंबरात तेच पीठ रात्रभर पांघरूण घालून ठेवावे लागते आणि तरीही सकाळी ते आळसावलेले दिसते. कृती लिहून देताना "आठ तास" असे लिहावे लागते खरे, पण पीठ घड्याळ पाहत नाही. कडेला बारीक छिद्रे दिसू लागली, वास आंबट पण स्वच्छ आला आणि डावाने ढवळताना पीठ हलके वाटले की ते तयार झाले असे समजावे.

मग त्यात किसलेला दुधी, आले-मिरची, हळद, मीठ आणि गुळाचा खडा. दुधीला पाणी सुटते हे लक्षात घेऊन पीठ आधी थोडे घट्टच ठेवायचे. शेवटी थोडा सोडा, आणि सोडा घातल्यावर वेळ घालवायचा नाही, कारण ताकाच्या आंबटपणाशी त्याची भेट होताच वायू सुटू लागतो आणि तो वायू भांड्याबाहेर जाण्याआधी पीठ भांड्यात जायला हवे. मोहरी, भरपूर तीळ, हिंग आणि कढीपत्ता यांची फोडणी अर्धी पिठात मिसळायची आणि अर्धी वरून पसरायची. म्हणजे चुलीवरची ती क्षणभराची, पूर्ण लक्ष मागणारी फोडणी इथे बंद झाकणाखालच्या संथ भाजण्याला येऊन मिळते. ओव्हनमध्ये करायचा असेल तर १८० अंशांवर पाऊण तासाच्या आसपास लागतो. झाल्यावर तो लगेच कापायचा नाही. आतली वाफ बसू द्यायची, नाहीतर सुरीबरोबर तुकड्याचा लगदा होतो. कोमट झाल्यावर त्याचे चौकोन कापले की वर तिळांचे तांबूस कवच, मधे पिवळा मऊ भाग आणि खाली जाड, कडक तळ असे तीन थर दिसतात. त्यावर कच्चे शेंगतेल घालून चहाबरोबर खायची इथली पद्धत आहे. बाहेरच्या माणसाला कच्च्या तेलाचे नवल वाटते, पण एकदा खाल्ल्यावर ते मागून घेतात.

आत्याच्या वहीत एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव होते, लुई-कामिय मायार. १९१२ साली त्याने प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा एकत्र तापल्यावर जो तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो, त्याचे वर्णन केले. बेरीचा बदामी रंग, घडीच्या पोळीवरचे डाग, हांडव्याचा तळ आणि नानकटाईची कड या सगळ्यांत हीच क्रिया असते, हे आत्याने मला समजावून सांगितले तेव्हा मी शाळकरी होतो, आणि तेव्हापासून स्वयंपाकघर मला एकसंध दिसू लागले. तोवर मला वाटत असे की आजीच्या हातात काहीतरी आहे. ते होतेच; पण त्याला नियमही होता. ही क्रिया पाण्याच्या उकळबिंदूच्या बऱ्याच वर, साधारण १४० अंशांच्या पुढे वेगाने होते, म्हणून उकडलेल्या पदार्थाला कधी खमंग वास येत नाही आणि भाजलेल्याला येतो. पृष्ठभाग कोरडा झाल्याशिवाय तो रंग धरत नाही, हे एकदा कळले की भाजी परतताना कढई गच्च भरण्याचा मोह आपोआप आवरतो.

नानकटाईचा विषय निघालाच आहे. सुरतेत डच व्यापाऱ्यांची वखार होती, तिथल्या भट्टीतून ही नानकटाई पुढे आपल्या लोकांच्या हाती आली असे सांगतात. आमच्या लहानपणी दिवाळीआधी घरोघरचे डबे बेकरीत जात. तूप, पिठीसाखर, मैदा, रवा आणि बेसन असे सगळे साहित्य घरून न्यायचे, आपल्या डोळ्यांदेखत मळून घ्यायचे आणि संध्याकाळी भाजलेली नानकटाई डब्यात भरून आणायची. पुढे आत्याने काचेचे गोल भिंग बसवलेल्या झाकणाचा ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आणला आणि बेकरीची वारी थांबली. त्या भिंगातून आत पाहण्यासाठी आम्ही भावंडे नंबर लावत असू. नानकटाईत तूप आणि साखर हाताने फेसण्याला पर्याय नाही. तळहाताने फेसत राहिले की तूप पांढरे आणि हलके होते, त्यात हवा शिरते. पीठ मात्र घातल्यावर फार मळायचे नाही. तुपाने पिठाच्या कणांना वेढले पाहिजे, म्हणजे त्यांतल्या चिकट धाग्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही आणि नानकटाई तोंडात विरघळते. ओव्हनमधून काढताना ती मऊ असते आणि नवख्या माणसाला वाटते की अजून कच्ची आहे. ती बाहेर ठेवल्यावर कडक होते.

ऋतूंविषयी एवढे बोलून पुढे जातो की बडोद्यात घरी स्वयंपाक करणाऱ्याचे खरे वर्ष हिवाळ्यात सुरू होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बांधलेल्या खंडेराव मार्केटच्या देखण्या कमानींखाली तेव्हा हिरवा लसूण, तुरीचे ओले दाणे म्हणजे लीलवा, पापडी, कोनफळ आणि सुरण यांचे ढीग लागतात, आणि पिशवी घेऊन गेलेला माणूस ठरवून गेलेल्या भाजीपेक्षा भलतेच काही घेऊन येतो. संक्रांतीच्या दिवशी, म्हणजे इथल्या उत्तरायणाला, सगळे शहर गच्चीवर असते आणि घरोघर उंधियो असतो. आमच्या घरी त्याच दिवशी गुळाची पोळीही असते. तिचे सगळे कसब कडेत आहे. किसलेला गूळ, भाजलेले तीळ, खसखस आणि तेलात भाजलेले बेसन यांचे सारण लाटताना थेट कडेपर्यंत जायला हवे, पण कडेतून बाहेर येता कामा नये, कारण तव्यावर सांडलेला गूळ काही क्षणांत जळतो आणि पुढच्या पोळीला त्याचा कडवट वास लागतो. उंधियोचा मसाला लागलेल्या हाताने मी ती पोळी लाटत नाही, तो मान पत्नीचा आहे. सेव-उसळीबद्दल वेगळे लिहावे लागेल. इथल्या नाश्त्याच्या गाड्यांवर ती इतकी चांगली मिळते की घरी करण्याचा आग्रह मी धरत नाही.

बाजारात सगळे तयार मिळते, आणि बऱ्याचदा चांगलेही मिळते, मग एवढा वेळ का घालवायचा, असे विचारणारे लोक मला भेटतात. त्यांना वेळ नसतो हे मी मान्य करतो. दोघेही नोकरी करणाऱ्या, लांबून घरी परतणाऱ्या घरांवर रोजच्या स्वयंपाकाचे ओझे किती असते हे आम्हीही पाहिले आहे. हे ओझे एकट्या बाईवर टाकून वर त्यातल्या आनंदाची वर्णने करणे मला अन्यायाचे वाटते. आमच्या घरी रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला तो पत्नीच्या नोकरीच्या वेळा बदलल्या तेव्हा, आणि तिच्या वेळा पुन्हा सोयीच्या झाल्यावरही मी तो सोडला नाही. करायला लागल्यावरच मला तो आनंद कळला. ताटावर बसून खाणाऱ्याला तो कितीही समजावून सांगितला तरी कळणार नाही असे मला मनापासून वाटते. म्हणून मुलांना, मुलग्यांना तर अगत्याने, लहान वयात फोडणीपाशी उभे करावे. भाजणे हे कोणाचेही राखीव काम नाही आणि तूप कढताना ऐकायला कान सगळ्यांनाच असतात.

माझी मुलगी आता पुण्याला असते. तिच्याकडे हांडव्याचा कुकर नाही, साधा ओव्हन आहे. मध्यंतरी तिने फोन करून विचारले, "बाबा, पीठ आंबले हे नेमके कसे ओळखायचे? इथे थंडी आहे आणि रात्रभर ठेवूनही ते काही वर आलेले नाही." मी तिला सांगितले की हांडव्याचे पीठ इडलीच्या पिठासारखे दुप्पट होत नाही, ते जाडसर असते, त्यामुळे उंचीकडे पाहू नकोस. कडेची छिद्रे बघ, वास घे, आणि दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये आणखी दोन-तीन तास ठेव. दुपारी तिने छायाचित्र पाठवले. तिळांचे कवच छान तांबूस झाले होते, पण आतला रंग मला वेगळा दिसला. विचारल्यावर कळले की दुधी न मिळाल्यामुळे तिने त्यात कोबी किसून घातला होता, आणि घरात ओले खोबरे होते म्हणून तेही. तिने आजीचे भानोले कधी खाल्लेले नाहीत. मी तिला त्याबद्दल सांगितले, कृतीही लिहून पाठवली, आणि या रविवारी आंबट ताक साठले की मी स्वतः दुधीच्या जागी कोबी घालून, लसूण थोडा वाढवून, तिच्या पद्धतीचा हांडवा वाळूच्या कुकरमध्ये करून पाहणार आहे. सोडे मिळाले तर अर्ध्या भागात तेही घालीन. शेजारी द्यायचा अर्धा भाग मात्र वेगळा ठेवावा लागेल.